नर्सिंगला जायचंय? नाशिक जिल्ह्यातले विद्यार्थी आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

बारावीचा निकाल लागला की आठ-दहा दिवस माझा फोन खाली ठेवता येत नाही. सटाण्याहून, पेठहून, सिन्नरहून, येवल्याहून कुणाच्या तरी ओळखीनं नंबर मिळालेला असतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, पोरीला नर्सिंगला टाकायचंय, कुठं टाकू?" मी स्वतः जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, अकरा वर्षं वॉर्डात काढली, मधे पोस्ट बेसिक, म्हणजे जीएनएमनंतरची बी.एस्सी. पदवी, केलं आणि आता शिकवते. फोनवर जे पुन्हा पुन्हा सांगते, ते इथं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग यांत फरक काय?

एएनएम म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ. दोन वर्षांचं, फक्त मुलींसाठी. गावपातळीवरचं काम शिकवतं: लसीकरण, गरोदर बाईची तपासणी, बाळंतपण, कुटुंबनियोजन. उपकेंद्रात ज्यांना आपण 'नर्सबाई' म्हणतो त्या बहुतेक एएनएम झालेल्या असतात.

जीएनएम म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, तीन वर्षांचा डिप्लोमा. परीक्षा राज्याच्या परिचर्या आणि परावैद्यक शिक्षण मंडळाची. हे पूर्ण करून नोंदणी झाली की तुम्ही हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स.

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची पदवी, आठ सेमिस्टर. पदवी देतं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. १९९८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ आपल्याच गावात, म्हसरूळला दिंडोरी रोडवर आहे. राज्यभरातल्या मुलींचे पेपर इथून निघतात आणि आपल्या कितीतरी पोरींनी ती इमारत आतून पाहिलेलीही नसते. एकदा जाऊन या.

वॉर्डात उभं राहिल्यावर जीएनएम आणि बी.एस्सी. यांचं रोजचं काम सारखंच असतं. फरक पडतो तो पुढं: एम.एस्सी. करायचं असेल, शिकवायचं असेल, परदेशी जायचं असेल तर पदवीनं रस्ता जवळचा होतो. मार्क आणि पैसा दोन्ही जुळत असेल तर बी.एस्सी. घ्या. जुळत नसेल तर जीएनएम करून पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करता येतं. मी तेच केलं आणि त्यानं माझं काही अडलं नाही.

मुलीनं बारावी आर्ट्समधून केली आहे. जमेल का?

जीएनएम आणि एएनएमला जमतं. जीएनएमसाठी बारावीत इंग्रजी विषय आणि एकूण ४० टक्के लागतात, शाखा कोणतीही चालते. विज्ञानाच्या मुलांना पहिल्या वर्षी शरीररचना थोडी सोपी जाते, एवढंच. बी.एस्सी.ला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हवंच. खुल्या वर्गाला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के. वय सगळीकडे किमान १७ पूर्ण; एएनएम-जीएनएमला कमाल ३५.

'जीएनएम बंद होणार' असं ऐकलं. खरं का?

मी शिकत होते तेव्हाही असं म्हणत होते. मधे तशा हालचाली झाल्या, तारखा पुढं गेल्या, कोर्स चालू आहे. ज्यांनी केलंय त्यांची नोंदणी कुणी काढून घेणार नाही.

प्रवेशाला नीट लागते की सीईटी?

बी.एस्सी. नर्सिंगला एकेकाळी नीटच्या गुणांवर प्रवेश व्हायचे. आता राज्याच्या सीईटी कक्षाची वेगळी परीक्षा आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्न, असे पाच भाग. बोर्डाची परीक्षा आणि सीईटीचा फॉर्म हे एकाच सुमाराला येतं आणि नेमकी तिथंच ग्रामीण भागातली मुलं चुकतात. निकालानंतर फोन येतो तेव्हा फॉर्मची तारीख केव्हाच गेलेली असते. तेव्हा बारावीच्या डिसेंबरपासूनच सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला एक नजर टाका.

जीएनएम-एएनएमची प्रवेशपद्धत शासनाच्या आदेशांप्रमाणे बदलत आली आहे. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीची सूचना वाचायची. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या ताईचं कसं झालं होतं, त्यावर विसंबू नका.

नाशिकमधलं चांगलं कॉलेज कोणतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मी नाव कधीच सांगत नाही. मी उलटा प्रश्न विचारते: त्या कॉलेजच्या मुली पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाला, कुठं जातात?

नर्सिंग वर्गात थोडं आणि वॉर्डात जास्त शिकलं जातं. इमारतीला काच किती, एसी आहे का, यानं काहीही ठरत नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे कॉलेजमागं किमान १०० खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल लागतं आणि एका विद्यार्थ्यामागं तीन रुग्ण असं प्रमाण धरलेलं आहे. कागदावर हे सगळ्यांचं बरोबर असतं. तुम्ही जाऊन बघायचं. सकाळी दहाला त्या हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात जा. खाटा भरलेल्या आहेत का? युनिफॉर्ममधल्या पोरी रुग्णाजवळ आहेत की सात जणी मिळून एकाच बीपी मशीनभोवती उभ्या आहेत?

नाशिकचं एक भाग्य आहे. इथं शिकण्यासारखे वॉर्ड भरपूर आहेत. सिव्हिलला, म्हणजे जिल्हा रुग्णालयात, अख्ख्या जिल्ह्यातून रुग्ण येतो: बाळंतीण, भाजलेला, विष घेतलेला, अपघातातला. शालिमारजवळच्या संदर्भ सेवा रुग्णालयात हृदय, किडनी, कॅन्सर बघायला मिळतो. महापालिकेचं नाशिकरोडचं बिटको आणि द्वारकेजवळचं डॉ. झाकिर हुसेन, आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय, घोटीजवळ धामणगावचं वैद्यकीय महाविद्यालय, शिवाय तालुक्याची ग्रामीण रुग्णालयं. ज्या कॉलेजच्या मुलींना सरकारी आणि खासगी दोन्हीकडे पोस्टिंग मिळतं, ते कॉलेज बाकी साधं असलं तरी चालेल. खासगीत मशिनरी कळते. सरकारीत हात तयार होतो.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, "आतापर्यंत किती कॅथेटर (लघवीच्या नळ्या) घातले? डिलिव्हरी किती बघितल्या, किती स्वतः केल्या?" ती पटकन सांगायला लागली आणि थांबेचना, तर कॉलेज बरं आहे. "अजून प्रोसिजर बुक (केलेल्या कामांची नोंदवही) भरायचंय" म्हणाली तर विचार करा.

कागदही तपासायचेच: शासनाची परवानगी, परिचर्या परिषदेची मान्यता, आणि बी.एस्सी. असेल तर आरोग्य विद्यापीठाची संलग्नता. त्या चालू वर्षाची, आणि किती जागांची, तेही. ६० जागांची मान्यता असताना एकसष्टावी म्हणून पैसे भरलेल्या मुलीला पुढं परीक्षेलाच बसता येत नाही.

सहा महिन्यांत किंवा एका वर्षात 'नर्सिंग कोर्स' करून देतो म्हणतात. करू का?

नर्स व्हायचं असेल तर करू नका. हे मी अगदी कळकळीनं सांगते, कारण यात फसलेल्या मुली मी रडताना बघितल्या आहेत. रुग्णसेवा सहायक, होम केअर, पेशंट अटेंडंट असे छोटे कोर्स असतात. त्यांना काम मिळतं, घरी म्हाताऱ्या माणसांची सेवा करणं हे मानाचंच काम आहे. पण त्यावर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे तुम्ही नर्स नाही, युनिफॉर्म कोणताही असो. फलकावर 'जीएनएमच्या बरोबरीचा' असं लिहिलेलं असेल तिथून सरळ बाहेर पडा.

त्यांना एकच वाक्य विचारायचं: "हा कोर्स झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत माझी नोंदणी होईल, असं लेखी द्याल का?"

फी झेपेल का? शिष्यवृत्ती मिळते का?

सरकारी संस्थेत फी अगदी कमी, जागाही कमी. खासगीत फी शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवून दिलेली असते. तो आकडा मागा आणि वसतिगृह, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं, पोस्टिंगची गाडी यांचा खर्च वेगळा मांडा. बऱ्याच घरांचा हिशेब फीवर चुकत नाही, या वरच्या खर्चावर चुकतो.

अनुसूचित जाती, जमाती, भटके विमुक्त, इतर मागास यांच्यासाठीच्या शिष्यवृत्त्यांचे, तसंच राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेचे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर भरायचे असतात. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी वर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं आहे. अट एकच आणि ती मोठी आहे: प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. "फेरीला थांबू नका, सीट जाईल, आजच पैसे भरा" असं कुणी घाई करत असेल, तेव्हा ही अट आठवा.

आदिवासी मुलींना वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी स्वयम् योजना आहे, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी तशीच स्वाधार. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच, गडकरी चौकात आहे. सुरगाणा-पेठच्या पालकांनी तिथं जायला संकोच करू नये. आपलंच कार्यालय आहे ते.

कोणती कागदपत्रं आधी काढून ठेवू?

जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन क्रिमी लेयर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला. यांतली जात पडताळणी सगळ्यात जास्त वेळ खाते. अकरावीतच अर्ज करा.

मराठी माध्यमातून शिकले. इंग्रजीत झेपेल का?

पहिले तीन-चार महिने जड जातात, हे खरं. बी.एस्सी.चा पेपर इंग्रजीत लिहायचा असतो. पण शिकवताना आम्ही मराठीतच समजावतो आणि वॉर्डात तर रुग्णाशी मराठीत, अहिराणीत, कोकणीत (कोकणा आदिवासींच्या बोलीत) बोलावं लागतं. माझ्या वर्गात सुरगाण्याची एक मुलगी होती. वर्गात तिच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. बालरोग वॉर्डात मात्र तिच्या गावाकडच्या एका आईनं "बाळ चार दिवस पीत नाही" हे फक्त तिलाच सांगितलं, बाकीच्यांना त्या माउलीची बोलीच कळत नव्हती. इंग्रजी ती नंतर शिकली. आज ती आयसीयूत आहे.

एक सोपी सवय लावा: रोज दहा वैद्यकीय शब्द वहीत, उच्चार देवनागरीत, अर्थ मराठीत. वर्षभरात तीन हजारांच्या वर जातात.

तीन-चार वर्षं नेमकं काय शिकवतात? इंजेक्शन द्यायला एवढा वेळ?

हा प्रश्न बहुतेक वडील विचारतात, आणि मला तो मनापासून आवडतो.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, आहारशास्त्र आणि नर्सिंगचा पाया. पाया म्हणजे अगदी चादर घालण्यापासून. चादरीला सुरकुती राहिली तर जो रुग्ण कूस बदलू शकत नाही त्याच्या कमरेला तिथंच जखम होते. पुढं सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मोठ्यांची शुश्रूषा, मग लहान मुलं, मानसिक आरोग्य, समाजातलं आरोग्य, प्रसूतिशास्त्र, व्यवस्थापन, संशोधन. बी.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिप.

सलाइनचं उदाहरण घ्या. डॉक्टर केस पेपरवर लिहितात: ५०० मिली, आठ तासांत. नर्सनं नळीतून मिनिटाला किती थेंब सोडायचे ते काढायचं. साध्या सेटमध्ये एक मिली म्हणजे २० थेंब. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं: साधारण २१ थेंब. मग घड्याळ हातात धरून थेंब मोजायचे, चाक फिरवून गती बांधायची, आणि दर तासाला परत येऊन बघायचं, कारण रुग्णानं हात वाकवला की गती बदलते. हेच पाणी हृदयाच्या रुग्णाला दोन तासांत गेलं तर फुप्फुसात उतरतं. लहान बाळाला सेट वेगळा, त्यात एक मिलीला ६० थेंब. हे डोळे मिटून येईपर्यंत आम्ही मुलींना घोटून घेतो.

दुसरी गोष्ट शिकवता येत नाही, सवयीनं येते. ती म्हणजे बघणं. पावसाळ्यातली एक नाइट ड्युटी मला कायमची लक्षात आहे. पेठकडचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा, रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोट दुखतंय म्हणून आणला. चावल्याची खूण नीट दिसत नव्हती. काही सापांच्या विषानं रक्त गोठत नाही, म्हणून साप असावा या शंकेनं काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. रक्त व्यवस्थित गोठलं, तेव्हा नातेवाईक थोडे निर्धास्त झाले. तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी त्याच्या उशाशी बसलेली. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सिस्टर, तो माझ्याशी बोलताना मान मागं करून बघतोय." मी जाऊन पाहिलं. पापण्या खाली उतरत होत्या, म्हणून समोरचं दिसायला तो हनुवटी वर करत होता. आई म्हणत होती, झोप आलीय त्याला. ती झोप नव्हती, मण्यारचं विष होतं. मण्यारच्या विषात रक्त गोठतं, पण स्नायू ढिले पडत जातात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. डॉक्टर धावत आले, प्रतिविष चालू झालं, श्वासाची नळी उशाशी तयार ठेवली. चौथ्या दिवशी मुलगा खाटेवर बसून वरण-भात खात होता.

म्हणून चार वर्षं.

रक्त बघून चक्कर येते. मग?

पहिल्या महिन्यात अर्ध्या वर्गाला येते. उपाशीपोटी पोस्टिंगला जाऊ नका, गरगरलं तर लगेच खाली बसा, लाजू नका. दोन-तीन महिन्यांत जाते. पोस्टिंग सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बी लसीचे डोस मात्र घ्यायलाच हवेत, आणि सुई टोचली तर ती गोष्ट लपवायची नाही.

मुलांनी हे क्षेत्र घ्यावं का?

जरूर. जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्हीला मुलं चालतात. वॉर्डात त्यांना 'ब्रदर' म्हणतात. आयसीयू, कॅज्युअल्टी, ऑर्थो, मनोरुग्ण विभाग, डायलिसिस, कॅथलॅब इथं त्यांना चांगली मागणी आहे. सरकारी भरतीत जागा कमी मिळतात, हेही खरं सांगितलं पाहिजे: एम्सच्या भरतीत महिला आणि पुरुष यांचं प्रमाण ८० आणि २० ठेवलेलं आहे. स्त्रीरोग आणि प्रसूती विभागात मुलांना पोस्टिंग करताना संकोच होतो, रुग्णही नाही म्हणतात. तिथं इन्चार्ज सिस्टर सांगतील तसं वागायचं.

नोंदणी म्हणजे काय? ती कधी करायची?

निकाल लागला की लगेच. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत, मुंबईला. जीएनएम किंवा बी.एस्सी. झालेल्यांना नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नोंदणी मिळते. तिचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी कार्यशाळा, प्रशिक्षणं यांचे तास दाखवावे लागतात. कार्यशाळेचं प्रत्येक प्रमाणपत्र एका फाइलमध्ये लावत जा. दुसऱ्या राज्यात नोकरीला गेलात तर तिथल्या परिषदेत नोंदणी हलवावी लागते.

१९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला आहे. येत्या काळात नियम बदलतील, तेव्हा अधिकृत सूचना वाचत राहा.

सरकारी नोकरी कशी मिळते? पगार किती?

राज्यात स्टाफ नर्सच्या पदाला 'अधिपरिचारिका' म्हणतात. सार्वजनिक आरोग्य विभाग (सिव्हिल, ग्रामीण रुग्णालयं) आणि वैद्यकीय शिक्षण विभाग (सरकारी मेडिकल कॉलेजं) यांच्या भरत्या वेगवेगळ्या निघतात. परीक्षा संगणकावर होते: मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि नर्सिंग. मूळ वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. वर चढत परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. आमच्या पोरी नर्सिंगच्या प्रश्नांत पडत नाहीत, मराठी व्याकरण आणि बुद्धिमत्तेत पडतात. त्याची तयारी कॉलेजात असतानाच सुरू करा.

एएनएम झालेल्यांसाठी जिल्हा परिषदेची आरोग्य सेविका, २५,५०० ते ८१,१०० रुपये. आदिवासी भागात साधारण ३,००० लोकसंख्येमागं एक उपकेंद्र असं प्रमाण आहे, इतरत्र ५,०००. सुरगाण्याच्या उपकेंद्रावरची आरोग्य सेविका पावसाळ्यात ओहोळ ओलांडून लशीचा डबा घेऊन पाड्यावर जाते. माझ्या दृष्टीनं आमच्या धंद्यातलं सर्वांत कठीण काम तेच, आणि त्याची दखल सर्वांत कमी घेतली जाते.

बी.एस्सी. झालेल्यांना समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानातलं हे कंत्राटी पद आहे: दरमहा २५,००० रुपये आणि कामावर आधारित १५,००० पर्यंत. उपकेंद्राची जबाबदारी तुमच्यावर असते. रक्तदाब, मधुमेह तपासायचा, ठरलेली औषधं द्यायची, गरज असेल त्याला वेळेत पुढं पाठवायचं.

केंद्राकडे जायचं असेल तर एम्सची नॉरसेट परीक्षा. नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन ४४,९०० पासून. बी.एस्सी. झालेल्याला थेट बसता येतं. जीएनएमला किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. वयाची मर्यादा १८ ते ३०, राखीव वर्गांना सवलत. रेल्वेच्याही जागा त्याच वेतनश्रेणीत निघतात.

खासगी हॉस्पिटलमध्ये पगार खरंच एवढा कमी असतो का?

सुरुवातीला हो. नव्यानं लागलेल्या मुलीच्या हातात सरकारी मूळ वेतनाच्या निम्मंही येत नाही, असं मी दर वर्षी बघते आणि दर वर्षी वाईट वाटतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं शिफारस केली होती की २०० पेक्षा जास्त खाटांच्या खासगी हॉस्पिटलनं सरकारी नर्सइतका पगार द्यावा, आणि ५० खाटांच्या आतलं हॉस्पिटल असलं तरी २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये. ही शिफारस तुम्हाला माहीत असली पाहिजे. मुलाखतीत शांतपणे सांगता आली पाहिजे.

पगार वाढतो तो कौशल्यानं. पहिली दोन वर्षं आयसीयू, एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू), डायलिसिस, ऑपरेशन थिएटर यांपैकी एक निवडून तिथं टिका. सहा-सहा महिन्यांनी पाचशे रुपयांसाठी हॉस्पिटल बदलत राहिलात तर हाताला कशाचीच पक्की सवय होत नाही. सातपूर-अंबडच्या मोठ्या कारखान्यांतही ॲम्ब्युलन्स रूमसाठी, म्हणजे तिथल्या प्रथमोपचाराच्या खोलीसाठी, नर्स लागते. रात्रपाळी झेपत नाही त्यांना ते बरं पडतं.

हॉस्पिटलवाले मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगतात. द्यावीत का?

देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या. माझ्या पहिल्या नोकरीत मी भोळेपणानं मूळ कागद एका हॉस्पिटलला देऊन बसले. सहा महिन्यांनी सरकारी भरतीची कागदपत्र पडताळणी आली. बॉण्ड, म्हणजे ठरलेल्या मुदतीचा नोकरीचा करार, पूर्ण होईपर्यंत कागद मिळणार नाहीत, म्हणाले. ऑफिसच्या बाहेर बाकावर मी दोन दिवस बसले. कागद मिळाले तेव्हा तारीख होऊन गेली होती. पुढची भरती निघायला मला तीन वर्षं वाट बघावी लागली. वडिलांनी तेव्हा एक शब्दही मला बोलून दाखवला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सैन्यात नर्स होता येतं का?

होता येतं, आणि देवळालीत वाढलेल्या मुली हे विचारतातच, कारण मिलिटरी हॉस्पिटल त्यांनी लहानपणापासून बघितलेलं असतं. अविवाहित मुलींसाठी सैन्याच्या नर्सिंग कॉलेजांत चार वर्षांचं बी.एस्सी. आहे, त्यांतलं एक पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात. इथं मात्र नीट द्यावीच लागते, नंतर सैन्याची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. उत्तीर्ण झाल्यावर लेफ्टनंट म्हणून रुजू. म्हणजे मुलगी घरी येते ती अधिकारी होऊन.

परदेशात जायचं असेल तर?

आधी इथं दोन वर्षं चांगल्या वॉर्डात काम करा. बहुतेक ठिकाणी अनुभव मागतात, आणि तिथं एकटं पडल्यावर तोच कामी येतो.

आखाती देशांत डेटाफ्लो या कंपनीमार्फत कागदपत्रांची पडताळणी आणि संगणकावरची प्रोमेट्रिक परीक्षा. इंग्लंडला आयइएलटीएस किंवा ओइटी ही इंग्रजीची परीक्षा, मग एक संगणकीय परीक्षा इथं आणि प्रात्यक्षिक तिकडं. अमेरिका, कॅनडासाठी एनक्लेक्स-आरएन ही तिथल्या परवान्याची परीक्षा. जर्मनीला जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत. नाशिकमध्ये जर्मनचे क्लास आता नर्सिंगच्या मुलींनी भरलेले दिसतात.

एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का, ते स्वतः तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. शेत गहाण ठेवून चार लाख भरायची गोष्ट कुणी काढली तर तिथंच थांबा.

पुढं शिकायचं असेल तर?

एम.एस्सी. नर्सिंग दोन वर्षं, त्याआधी एक वर्षाचा अनुभव. शिकवायची आवड असेल तर हा रस्ता. वॉर्ड सोडवत नसेल तर क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनर कोर्स बघा. दोन वर्षं रुग्णाजवळ राहूनच शिकायचं असतं.

नाइट ड्युटी, सुरक्षितता, लग्न… घरचे तयार नाहीत. त्यांना काय सांगू?

घरच्यांना एकदा हॉस्पिटलमध्ये घेऊन या. बहुतेक विरोध न बघितलेल्या गोष्टीचा असतो. रात्रीच्या वॉर्डात मुलगी एकटी नसते. मामा, मावशी, ड्युटी डॉक्टर, सिक्युरिटी असतात. हॉस्पिटलमध्ये शिपायांना मामा आणि आयांना मावशी म्हणायची पद्धत उगाच पडलेली नाही. नवीन मुलीला पहिली रात्र हीच माणसं सांभाळून नेतात. तरीही विचारायचे प्रश्न विचाराच: महिन्यात किती नाइट, रात्री जायची-यायची सोय काय, कपडे बदलायची खोली आहे का, लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती आहे का. नातेवाईक अंगावर धावून येण्याचे प्रकार होतात, ते मी लपवणार नाही.

सासरकडच्यांशी बोलताना रात्रपाळीचं लग्नाआधी स्पष्ट सांगा. नंतर सांगून निस्तरलेलं मी क्वचितच पाहिलं आहे.

जीएनएम झालंय, पण लग्नानंतर सहा वर्षं घरी आहे. परत येता येईल का?

येता येईल. आधी नोंदणीचं नूतनीकरण राहिलंय का ते बघा. राहिलं असेल तर परिषदेकडे उशिराचं शुल्क भरून करून घ्या. मग एकदम मोठ्या आयसीयूला जाऊ नका. घराजवळच्या वीस-तीस खाटांच्या हॉस्पिटलमध्ये दिवसपाळीनं सुरू करा आणि पहिल्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरला सांगा, "सहा वर्षांचा खंड आहे, पहिले पंधरा दिवस माझ्या शेजारी कुणीतरी उभं राहू द्या." औषध सोडायचे पंप नवे आले असतील, औषधांची नावं बदलली असतील, त्याची वही करा. गेल्या वर्षी अशीच एक ताई आली होती, दोन लेकरांची आई. पहिली शीर शोधताना तिचा हात थरथरत होता. रुग्ण म्हातारे आजोबा होते, त्यांनीच मूठ घट्ट आवळली आणि म्हणाले, "घाबरू नको बाई, घे." एका टोचणीत सुई बसली.